चौदा मुलांचा वर्ग

मुलाला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा आमच्या मंडळाच्या फराळात दोन तट पडले. एक इथल्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलच्या बाजूचा : १९६९पासूनची शाळा, सीबीएसई, फी परवडणारी. "उद्या पुण्याला परत गेलो तरी अडचण नाही." दुसरा, लहान खाजगी शाळेच्या बाजूचा. पुण्यात मी साठ मुलांचा वर्ग शिकवलाय. मागच्या बाकांवरची काही नावं दिवाळी आली तरी पाठ नसत. म्हणून हट्टानं लहान शाळा घेतली. वर्गात चौदा मुलं. डबा तसाच परत येणार असला, तर बाईंचा आधीच फोन. माझा अबोल मुलगा तिथं बोलू लागला.

मग जुलै २०१७मध्ये डिपेंडंट फी आली. माणशी महिना १०० रियाल, पुढं वर्षाला शंभरानं वाढणारी. एकेक कुटुंब सामान बांधू लागलं. वर्गात उरली सहा मुलं. "सहांत पहिला आला, त्यात काय मोठंसं?" सासूबाई फोनवर म्हणाल्या. मी हसले. पण परवा मुलानं विचारलं, "आई, खो-खोला नऊ जण लागतात ना?"

मोठ्या शाळेचा अर्ज भरलाय. बाईंना कसं सांगायचं, ते अजून सुचत नाही.