लोद ते मुंबई : अंतर किती?

पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजले तर लोदच्या बेन गुरियन विमानतळापासून मुंबईचा विमानतळ सुमारे ४,०५० किलोमीटरवर आहे. जेट विमान ताशी ८५० किलोमीटरच्या बेताने जाते. चढणे-उतरणे धरून साडेपाच तासांचे काम! मुंबईहून रत्नागिरीला एस. टी.ने जावयास याहून अधिक वेळ लागतो.

तरीही आम्हां बेने इस्रायलांना इतक्या वेळात मुंबई गाठणे कित्येक वर्षे जमले नाही. सरळ मार्ग सौदी अरेबियावरून जातो आणि त्या आकाशात इस्रायलला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना मज्जाव होता. आमच्यापैकी कित्येक मंडळी तेहरानमार्गे इकडे आली. इराणशी तेव्हा इस्रायलचे संबंध होते, एल अलची विमाने तेथे जात. १९७९ च्या क्रांतीने ती वाट बंद झाली. मग युरोपचा वळसा आला. पूर्वेला जावयाचे म्हणून आधी पश्चिमेला उडावयाचे!

१९८४ साली आमचे थोरले काका ठाण्यात वारले. आपल्या रिवाजाप्रमाणे दफन लगेच झाले. तार आमच्या हाती पडली ती दुसऱ्या दिवशी. तिकिटांसाठी उसनवारी केली, रोमला एक रात्र बाकावर काढली आणि ठाण्याला पोहोचलो तेव्हा सात दिवसांच्या शोकाचा शेवटचा दिवस होता. काकू एवढेच म्हणाल्या, "आलात, बरं झालं." त्यांच्या शेजारी आम्ही जेमतेम एक संध्याकाळ बसलो.

जानेवारी १९९२ मध्ये भारत-इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि पुढे थेट विमानेही सुरू झाली. पण ती तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला उतरून, एडनच्या आखाताला वळसा घालून अरबी समुद्रावर येत. त्यात सुमारे आठ तास जात. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीचे विमान सौदी आकाशातून लोदला उतरले. इस्रायली विमानांना मात्र ती मुभा तेव्हा नव्हती. जुलै २०२२ मध्ये सौदी अरेबियाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने आपले आकाश सर्वांना खुले केले, तेव्हा कोठे सरळ रस्ता मोकळा झाला.

पण मोकळा झालेला रस्ता मोकळाच राहील, याची हमी कोण देणार? ऑक्टोबर २०२३ च्या युद्धानंतर लोदची विमाने कितीदा बंद पडली आणि कितीदा पुन्हा सुरू झाली, हे आपण पाहिलेच आहे. किलोमीटर तेवढेच राहतात, तास मात्र राज्यकर्त्यांच्या हाती असतात.

म्हणून वाचक बंधुभगिनींना आमचे एकच सांगणे आहे. ठाण्यात, पनवेलला, अलिबागकडे ज्यांची वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांनी "पुढच्या वर्षी पाहू" म्हणू नये. फोनवर रोज चेहरा दिसतो हे खरे, पण आजीच्या हातचा मलिदा फोनमधून येत नाही. मुलांनाही बरोबर न्यावे. नवगावचा किनारा आणि तेथील आपल्या पूर्वजांचे दफनस्थान त्यांना दाखवावे. सातव्या दिवशी पोहोचण्यापेक्षा, माणूस दार उघडावयास उठू शकतो तोवर पोहोचलेले बरे.