दादाजानचा तंबोरा

पारशिवनीच्या आमच्या घरी माळ्यावर एक तंबोरा रजईत गुंडाळून पडला होता. दादाजानचा, म्हणजे अब्बांच्या वडिलांचा. ते उरुसात गात, घरच्या बैठकीतही गात. ते गेल्यावर अब्बांनी तंबोरा खुंटीवरून काढून वर टाकला. "नमाजच्या घरात बाजा नको," एवढंच म्हणाले. मी वाद घातला नाही. अब्बांशी वाद घालून मी कधी जिंकलोही नाही.

पुढे नागपूरच्या एकाने दिवाणखान्यात शोभेसाठी तो विकत मागितला. अब्बा लगेच तयार झाले. माझंच मन अडलं.

त्याच सुमारास शाळेतल्या एका सहकाऱ्याने मोबाईलवर बाख ऐकवला. बाख जर्मन, 1685 ते 1750 या काळातला. "हे त्याच्या काळच्या वाद्यांवर वाजवलंय," तो म्हणाला. आधी मला ते किरटं वाटलं. मग कळत गेलं. व्हायोलिनला आतड्याची तार, आपल्या सारंगीला असते तशी तात. पियानोऐवजी हार्प्सिकॉर्ड, त्यात तारेवर हातोडी पडत नाही, तार छेडली जाते. सूरही आजच्या 440 कंपनांऐवजी बहुधा 415 वर, सुमारे अर्धा स्वर खाली. 1953 साली व्हिएन्नात हार्नोनकूर यांनी अशा वाद्यांचा वृंदच उभा केला. जुनं गाणं नव्या वाद्यावर वाजतं, पण त्यातलं काही झाकलं जातं, असं मला त्या दिवशी वाटलं. मुलांकडून हम्द बसवून घेताना मी मोबाईलवरचा तानपुरा लावतो. दादाजानच्या गाण्यामागे तो नव्हता.

तंबोरा मिरजेचा, हे दादाजान अभिमानाने सांगत. म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसने तो मिरजेला नेला. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर तिथल्याच दर्ग्यात आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे वाद्यं घडवायला घेतली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हातारे कारागीर भोपळ्यावर बोटं वाजवत म्हणाले, "नवी घोडी टाकू, की हीच घासू? हिला वेळ लागंल."

"हीच."

ते तार उतरवत, घोडी किंचित घासत, तार चढवत, खालचा दोरा केसभर सरकवत, कान लावत. नाही जमलं की पुन्हा तार उतरवत. दुपार गेली. मग अचानक एका तारेतून कितीतरी सूर उमलले. लहानपणी दादाजानच्या मांडीशी झोपताना ऐकलेला तोच आवाज. मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत बसलो.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी दार लोटून तारा छेडल्या. अब्बा अंगणात होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाहेरूनच म्हणाले, "जोड उतर गई है."

मी खुंटी पिळली. त्यांनी थोडं ऐकलं.

"आता ठीक. मगरिबच्या अजानआधी गवसणी घाल."