साभार परत

तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करणारं कवितावेडं पोर १९८०च्या सुमारास लांबूनही ओळखू यायचं. एस.टी.च्या विद्यार्थी पासवर रोज गावाहून ये-जा, शेवटच्या तासाला डोळा घड्याळावर, आणि पिशवीत एक दोनशेपानी वही, इतरांच्या कवितांनी भरलेली. मीही त्यांतलाच.

कविता उतरवून घेण्यावाचून इलाज नव्हता. पुस्तक विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि ग्रंथालयाचं पुस्तक मुदतीत परत करावं लागे. ग्रंथपाल काउंटरवरूनच विचारायचे, "काय रे, परीक्षेला आहे का हे?" नाही म्हटलं की कपाळाला आठ्या, पण शिक्का मारून द्यायचे. मर्ढेकर मी असे लिहून लिहून वाचले. कवीनं ओळ नेमकी कुठे तोडलीय, हे नुसतं वाचताना निसटतं. लिहिताना हात अडखळतो आणि मग कळतं. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) हाती आल्या, तेव्हा आमच्या बांधावरचं रान कवितेत चालतं याचा पहिल्यांदा भरवसा वाटला. सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'नं तर आमचा कॉलेजकुमारपणाचा रुबाबच उतरवला.

वही भरली की स्वतःचं लिहिण्याची खुमखुमी. मासिकाला कविता धाडताना आपलाच पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं. बहुतेक वेळा तेच परत यायचं. घरच्यांच्या आधी पोस्टमनला गाठायचं, कारण वडिलांच्या लेखी हा तिकिटाचा खर्च वायाच. आत 'साभार परत'ची छापील चिठ्ठी. क्वचित कवितेच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ असायची: या दोन ओळी नकोत. त्या रेघेवरून आम्ही चहाच्या टपरीवर भांडभांड भांडायचो. संपादकाला शिव्या घालायचो, आणि रात्री गुपचूप त्या ओळी खोडायचो.

आता त्याच कॉलेजात माझी पुतणी विशेष मराठी घेऊन शिकतेय. ती गझल लिहिते. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. तेच धडे आता व्हॉट्सॲपवरच्या गटांत गिरवले जातात. पोरगी बोटांवर मात्रा मोजत लगावली बसवते आणि रात्री उशिराच्या ऑनलाइन मुशायऱ्यात घरच्या ओट्यावरून शेर वाचते. माझ्या वर्गातल्या मुलींना संध्याकाळच्या काव्यवाचनालाही थांबता येत नसे; एस.टी. आणि घरची माणसं, दोन्ही आडवी. 'आमच्या वेळी' म्हणत उसासे टाकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. कुसुमाग्रजांच्या नावावर कुणाच्याही ओळी फिरतात, रीलमागं बासरी वाजते, तेही मी चालवून घेतो.

खटकतं ते निराळंच. तिनं कविता टाकली की पाच मिनिटांत फुलं, हात जोडलेली चित्रं आणि 'अप्रतिम'चा पाऊस. तिसरा शेर भरतीचा आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. मी सांगितलं तर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बदललेला शेर आला. आधीपेक्षा बरा होता.

म्हणून मराठीच्या मास्तरांना, आणि काका-मामा-आत्यांनाही, एक विनंती. एखाद्या पोरानं कविता पाठवली तर फूल धाडून मोकळं होऊ नका. नीट वाचा, आणि कोणती ओळ नको ते कळवा.