काशियाशला जाऊन आलो

माझ्या कचेरीत मात्रिझ, एस्क्रितुरी, वाटणीचे दस्तऐवज अशा जुन्या पोर्तुगीज कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. ते वाचणारी माणसं एकेक करून निवृत्त झाली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कारकून, पण पणजीत संध्याकाळच्या वर्गांना बसून कामापुरती पोर्तुगीज शिकलो होतो. २०१७ साली लिस्बनमध्ये महिनाभराच्या उन्हाळी वर्गासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि सदतिसाव्या वर्षी, साठवलेली अर्जित रजा खर्चून, मी पुन्हा विद्यार्थी झालो. वर्गातली बाकीची मुलं विशीतली. पहिल्या दिवशी दोघांनी मलाच शिक्षक समजून नमस्कार केला होता!

घरी सगळ्यांना आनंद झाला, आप्पाकाका सोडून. काका १९५५च्या सत्याग्रहात पकडले गेले आणि आग्वादच्या किल्ल्यात काही महिने राहिले. सुटून आल्यावर जन्मभर त्यांनी पोर्तुगीज शब्द तोंडातून काढला नाही. निदान त्यांचा तसा समज होता. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वता जाल्यार काशियाशाक वचून यो."

काकीला ऐकू आलं काशी. ती म्हणाली, "तो पुर्तुगालाक वता, काशीक न्हय."

काशियाश म्हणजे लिस्बनजवळचा तो किल्ला, जिथे मोहन रानडे होते. सांगलीकडून गोव्यात येऊन सावई-वेऱ्याला मुलांना मराठी शिकवणारे रानडे मास्तर. १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, १९६०मध्ये पोर्तुगालला नेले गेले. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आपण फटाके वाजवले, आणि मास्तर तिथेच राहिले. सुटले ते १९६९च्या जानेवारीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी केलेली धडपड आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

वर्ग शुक्रवारी संपायचे. दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार असे दोन मोकळे दिवस हाती आले. शनिवारी सगळे जातात तिथे, म्हणजे बेलेंला गेलो. जेरोनिमुशच्या मठात शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर आहे. दगडात कोरलेला माणूस हात जोडून उताणा झोपलेला, समोरच्या बाजूला तसाच कवी कामोइश. आता गंमत बघा, मी राहतो वास्कोला. रोज बसच्या पाटीवर हे नाव वाचतो, "वास्को, वास्को" म्हणून कंडक्टर ओरडतो ते ऐकतो. पण त्या नावाचा कोणी माणूस होता, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. राग यायला हवा होता, असं मला वाटत होतं. आला नाही. आत गारवा होता, पाय दुखत होते, आणि मी चक्क बाकावर टेकलो.

खरी अडचण तीच होती. त्या शहरात मला परकं वाटतच नव्हतं. दुपारी आल्फामाच्या चढणीच्या गल्ल्यांतून हिंडलो. वाळत घातलेले कपडे, दारातल्या कुंड्या, भिंतींवरचे अझुलेज, खिडकीतून रस्त्यावरच्या बाईशी गप्पा मारणारी म्हातारी. फोंतायनशमधून चाललोय असंच वाटावं. आदल्या दिवशी वर्गात मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की आमच्याकडे जनेल, चावी, बटाटा, पाव, पगार हे सगळे तुमचेच शब्द आहेत. बाई खूश झाल्या. खोलीवर आल्यावर आणखी शब्द शोधत शब्दकोश चाळला, तर आपला 'तुरुंग' सापडला. त्यांच्याकडे 'त्रोंकु' म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा खोडाही. आप्पाकाका साठ वर्षं म्हणत आले असतील, "हांव तुरुंगांत आसलों." हे त्यांना सांगायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

रविवारी सकाळी काइश दु सोद्रे स्थानकावरून कश्काइशची लोकल धरली. अर्धा तासही लागत नाही. डाव्या हाताला तेजु नदी रुंद होत होत समुद्राला मिळते, आणि डब्यात सगळे टॉवेल, छत्र्या, पोरंबाळं घेऊन किनाऱ्याला चाललेले. काशियाशलाही एक पुळण आहे. माझ्याबरोबर उतरलेली मंडळी तिकडे वळली. मला टेकडीकडे जायचं होतं.

वाट विचारायला एका कॅफेत शिरलो. कॉफी मागितली आणि माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये तुरुंग कुठे ते विचारलं. गल्ल्यावरच्या बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. काशियाशला आजही तुरुंगच आहे, हे ध्यानात घ्या. तिला वाटलं मी भेटीला आलोय.

"कोण आहे आत? भाऊ?"

काय सांगणार? "शिक्षक," म्हटलं, "पूर्वी होते. खूप पूर्वी."

"सालाझारच्या वेळी?"

मी मान हलवली. तिने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. आपल्या आईचा मामाही तिथे होता, एवढं म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. १९७४च्या एप्रिलमध्ये राजवट कोसळली तेव्हा याच किल्ल्याची दारं उघडून त्यांचे स्वतःचे राजकीय कैदी बाहेर आले होते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं, हेही परीक्षेपुरतं पाठ होतं. या दोन गोष्टी एकाच सुतात असल्याचं मला त्या फुकटच्या कॉफीवर उमगलं.

वर चढून गेलो. बघण्यासारखं काही नाही. उंच भिंत, कुंपण, पहारा. आत जाता येत नाही, फोटो काढायचा धीर झाला नाही. भिंतीपासून जरा लांब रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस मिनिटं उभा राहिलो. ऊन मरणाचं होतं. एका पहारेकऱ्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं, तेव्हा निघालो.

संध्याकाळी आल्जुबच्या जुन्या तुरुंगातलं संग्रहालयही पाहिलं. जेमतेम मीटरभर रुंदीच्या एकांतकोठड्या आहेत तिथे. पण डोकं दुपारच्या भिंतीपाशीच अडकलं होतं.

रात्री घरी फोन लावला. गोव्यात मध्यरात्र उलटली होती, तरी काका जागे होते. जाऊन आलो म्हटलं. त्यांनी किल्ला कसा आहे ते विचारलं नाही, रानडेंचं नाव काढलं नाही.

"दर्या दिसता मरे थंयच्यान?"

आग्वादला भिंतीपलीकडे समुद्र वाजायचा, हे त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं. मी म्हटलं, रस्त्यावरून दिसतो. कोठडीतून दिसत होता की नाही, ते कळायला मार्ग नाही.

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकीने फोन घेतला आणि जेवलास काय म्हणून विचारलं.