माशी, खाच आणि चाळिशी

आमच्या गगनबावड्यात पावसाळा ओसरल्यावर दवाखान्यामागच्या भिंतीवरचे शेवाळ वाळू लागते. मग एखाद्या रविवारी दुपारी मी त्या भिंतीशी वाळूची पोती रचतो, त्यांवर कागदी लक्ष्य टांगतो आणि दहा मीटर मोजून एअरगन हाती घेतो. महाविद्यालयात असताना छात्रसेनेत .२२ रायफल चालवायला शिकलो, तेव्हापासूनचा हा नाद. माझ्या बंदुकीला दुर्बीण नाही. नळीच्या टोकाशी उभी माशी आणि डोळ्याकडच्या बाजूला खाच, एवढेच लोखंडी साहित्य.

तीन वर्षांपूर्वी, पन्नाशी ओलांडल्यावर, माझा नेम बिघडला. पूर्वी पाच छर्‍यांची छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात. आता ती तळहाताएवढ्या जागेत विखुरली. वाचकहो, मी डॉक्टर असूनही डोळ्यांचा विचार प्रथम केला नाही, हे कबूल करतो. माझ्या वडिलांना उतारवयात कंपवात होता. चहाची बशी हातात घेतल्यावर होणारा तो बारीक किणकिणाट घरातल्या आम्हां सर्वांच्या कानांत अजून आहे. नेम चुकू लागताच मी आपला उजवा हात पाहू लागलो. कंपवाताचा थरकाप बहुधा हात विसावलेला असताना दिसतो आणि काम करताना कमी होतो, हे मी रुग्णांना कितीदा सांगितले असेल! स्वतःच्या बाबतीत ते ज्ञान उपयोगी पडले नाही. चार महिने मी पत्नीपासून लपवून रात्री कागदावर गोल काढून अक्षर तपासत होतो.

उलगडा मुलीने केला. ती काही काळ कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर सरावाला जात असे. दिवाळीत घरी आली असताना माझ्यामागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बाबा, हात स्थिर आहे तुमचा. पण तुम्ही माशीकडे बघतच नाही. काळ्या गोलाकडे बघता." मी म्हटले, "माशी दिसतच नाही नीट, तर बघू कशी?" आणि बोलता बोलताच मला माझे निदान झाले.

नेम धरताना डोळ्याला तीन अंतरांवरच्या तीन वस्तू एका रेषेत आणायच्या असतात: खाच, माशी आणि लक्ष्य. तिन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसणे तरुण डोळ्यालाही शक्य नसते. तरुण डोळा त्यांच्यावरून झरझर फिरतो, म्हणून तिन्ही दिसल्याचा भास होतो. म्हणून माशी रेखीव ठेवावी आणि लक्ष्य थोडे धूसर असले तरी चालेल, असे नेमबाजीत प्रथम शिकवतात. यामागे साधे गणित आहे. खाच आणि माशी यांत अर्धा मीटर अंतर असेल आणि माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरली, तर दहा मीटरवर छर्रा वीस मिलिमीटर चुकतो. पंचवीस मीटरवर पन्नास. उलट, लक्ष्याच्या गोलाची कड अंधुक असली तरी नजर त्याचा मध्य बर्‍यापैकी शोधते.

चाळिशी नेमकी माशीवरच घाला घालते. डोळ्यातले भिंग जवळचे पाहताना फुगते. वय वाढते तसे ते ताठर होत जाते. दहाव्या वर्षी जवळ पाहण्याची जी ताकद चौदा नंबरांच्या आसपास असते, ती पन्नाशीला जेमतेम दोन नंबरांवर येते. आपल्या भाषेने तर या बदलाच्या वयालाच चष्म्याचे नाव करून टाकले आहे. माझ्या बंदुकीवर डोळ्यापासून माशी ऐंशी सेंटिमीटरवर आहे. दूरचा चष्मा लावला की काळा गोल लख्ख आणि माशीला मिशा फुटलेल्या. वाचायचा चष्मा लावला तर लक्ष्याचा कापूस होतो आणि माशीही धड दिसत नाही, कारण तो चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो.

उपाय मधला आहे. दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण नंबर अधिक घालायचा. त्याने दृष्टीचा रोख माशी आणि लक्ष्य यांच्या मधोमध पडतो. माशी रेखीव होते, लक्ष्य सहन होण्याइतके धूसर. बंदुकीची माशी ऐंशी-नव्वद सेंटिमीटरवर असली तर अर्ध्यापासून सुरुवात करावी. पिस्तुलात ती आणखी जवळ, म्हणून पाऊण. चष्म्याच्या दुकानात बंदूक घेऊन जाऊ नका, ही सूचना मी हसत देत असलो तरी गंभीरपणे देतो. घरी रिकाम्या बंदुकीवर गालापासून माशीपर्यंतचे अंतर दोरीने मोजा आणि ती दोरी घेऊन जा. भिंग एकाच नंबराचे घ्या. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगात योग्य नंबर शोधायला मान वर-खाली करावी लागते आणि गाल दस्त्यावरून उचलला जातो. भिंग पॉलिकार्बोनेटचे असावे. भिंतीवरून उलटून आलेला छर्रा वय पाहत नाही.

दुसरा उपाय आमच्या दवाखान्यात पूर्वीपासून टांगलेला आहे: मध्ये सुईएवढे छिद्र असलेली काळी चकती. अंधुक दिसते म्हणून येणार्‍या रुग्णाला मी तिच्यातून तक्ता वाचायला लावतो. अक्षरे सुधारली तर दोष बहुतेक चष्म्याच्या नंबराचा. सुधारली नाहीत तर मोतीबिंदू, पडदा किंवा नस यांचा विचार करावा लागतो. बारीक छिद्रातून किरणांची अरुंद शलाका आत जाते, म्हणून जवळचे-दूरचे दोन्ही ठीक दिसते. स्पर्धेच्या रायफलला मागे खाचेऐवजी असे छिद्रच असते. शेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते दुर्बिणीविना, अशाच छिद्रातून नेम धरून. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि टोकियो ऑलिंपिकला वयाच्या चाळिशीत उतरल्या. मात्र छिद्र उजेड खाते. ढगाळ दिवशी ते तुमच्या विरुद्ध जाते.

पिस्तुलाला मात्र उघडी खाचच असते. तरीही जॉर्जियाच्या नीनो सालुकवाद्झे १९८८ च्या सोलपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत दहा ऑलिंपिक खेळल्या. उत्तर प्रदेशातील जोहडीच्या चंद्रो तोमर यांनी तर पिस्तूल हाती घेतले तेच साठी उलटल्यावर. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० मध्ये ७२ व्या वर्षी रौप्यपदक मिळवले. ही नावे मी स्वतःला धीर द्यायला आठवतो, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

आता आबांची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका वाडीत राहणारे, सत्तरीपलीकडचे, माझे जुने रुग्ण. पीक संरक्षणाचा परवाना असलेली वडिलोपार्जित बंदूक त्यांच्याकडे होती. गवे आणि रानडुकरे एका रात्रीत भाताचे आणि उसाचे काय करतात ते येथे राहणार्‍यालाच ठाऊक. नूतनीकरणासाठी डॉक्टरचा दाखला हवा म्हणून ते आले. मी तक्त्यासमोर बसवले. उजव्या डोळ्याने वरच्या तीन ओळी कशाबशा वाचल्या. छिद्राच्या चकतीनेही फरक पडेना. टॉर्चच्या उजेडात बाहुलीमागे पिवळसर मोतीबिंदू स्पष्ट दिसत होता. साखरही वाढलेली.

"आबा, सही आज नाही करत. आधी शस्त्रक्रिया करून घ्या."

"डाक्टर, हवंत बार काढाय नेम कशाला लागतोय? आवाज झाला की डुकरं पळत्यात."

"समोर डुक्कर आहे की वैरण कापायला वाकलेली बाई, हे ओळखायला डोळा लागतो की नाही?"

ते रागावून उठले. दोन महिने फिरकले नाहीत. बाजारात दिसले तर रस्ता बदलत. मला वाईट वाटत होते, कारण त्यांच्या शेताचे नुकसान खरे होते आणि माझ्या नकाराने ते थांबणार नव्हते. पण तो दाखला म्हणजे एखाद्याच्या जिवाची हमी होती.

पुढे साखर आटोक्यात आली आणि कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली. साखर वर-खाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलत राहतो, म्हणून मधुमेह्यांनी आधी साखर स्थिर करावी आणि मगच चष्मा करावा, हे ओघाने सांगतो. आणि डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके किंवा पडदा आला, दिव्याभोवती वलय दिसून डोळा दुखू लागला, किंवा खाचेची सरळ कड वाकडी दिसू लागली, तर नव्या चष्म्याच्या खटपटीत वेळ न घालवता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आबा पट्टी निघाल्यानंतर दीड महिन्याने आले, ते हातात रताळी घेऊन. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "डाक्टर, पल्याडच्या बांधावरचं ढोर वळखाय येतंय. पर बंदुकीची माशीच दिसंना झाली. डोळा बिघडवला का काय त्यांनी?"

मला हसू आवरले नाही. बसवलेले भिंग दूरच्या अंतराचे होते. ते ठरावीक अंतरावरच रोखलेले राहते, फुगत नाही. म्हणजे सत्तरीच्या आबांना डॉक्टरांनी पुन्हा चाळिशी लावून दिली होती. मी खणातून माझा पाऊण नंबराचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला आणि खिडकीबाहेर बोट दाखवून हात लांब करायला सांगितले. त्यांनी अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला. मी म्हटले, "मिटू नका, दुसर्‍या डोळ्यालाही ताण येतो. तळहाताने नुसता आडोसा करा."

आबांनी तसे केले. बराच वेळ अंगठ्याकडे आणि समोरच्या गगनगडाकडे आळीपाळीने पाहत राहिले. "दोनी दिसत्यात," म्हणाले. "ह्यो चष्मा किती रुपयांचा?"

दाखल्यावर सही मी त्या दिवशीही केली नाही. नेत्रतज्ज्ञांचा तपासणी कागद आल्यावर, पुढच्या गुरुवारी केली. खाली स्वतःच्या हाताने लिहिले: दूरचा चष्मा लावूनच, आणि रात्री नाही. त्या शेवटच्या दोन शब्दांवरून आमची अजून वादावादी चालू आहे, कारण डुकरे रात्रीच येतात.