पुंगळीची भेग

बारामती-इंदापूरकडच्या कॉलेजांतून एनसीसीत गेलेल्या कुणालाही विचारा, गोळी झाडायची हौस दोन-चार मिनिटांत फिटते आणि मग पुंगळ्या वेचायचं काम गळ्यात पडतं. जितकी काडतुसं दिली तितक्या रिकाम्या पुंगळ्या परत. एक कमी भरली की सगळी रांग ओणवी होऊन गवत चाळते. ती पॉइंट बावीसची बारकी पुंगळी पुन्हा भरताही येत नाही, कारण तिची ठिणगीची दारू तळाच्या काठातच असते आणि पिन नेमका तोच काठ चेपते. मोठ्या रायफलींचं तसं नाही. त्यांच्या पुंगळीत ठिणगीच्या दारूची टोपी तळाच्या मधोमध बसते. जुनी काढून नवी बसवता येते. परदेशातले नेमबाज आणि शिकारी अशा पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानं काडतूस बनवायलाही परवाना लागतो, त्यामुळे ही कारागिरी मला वाचनातूनच भेटली. भरण्यापेक्षा भरण्याआधीची तपासणीच मला जास्त आवडली.

आधी पुंगळी फडक्यानं पुसायची, कारण काजळीखाली भेग लपते. तोंडाशी उभी चीर असेल तर ती भंगारात. तोंडाला नुसता पोचा आला असेल तर घाबरायचं कारण नाही, तो निघतो. डोळ्यांत भरणारी खोट अनेकदा निरुपद्रवी असते आणि जीव घेणारी आत असते. दर बारात पितळ लांबीत ताणलं जातं आणि तळाच्या जरा वर पातळ होतं. बाहेरून तिथं कधी फक्त आडवी चकचकीत रेघ दिसते, कधी तीही नाही. म्हणून टोक वाकवलेली तार आत सरकवून भिंतीवरून ओढायची. टोक अडखळलं तर तिथं खाच पडली आहे. अशी पुंगळी बंदुकीत दोन तुकडे झाली तर तापलेला वायू उलटा, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. टोपी बोटानं दाबून बसत असेल तरी ती पुंगळी बाद. तांबूस डाग म्हणजे जस्त निघून गेलं आणि मागं पोकळ तांबं उरलं. चिंचेच्या कोळात जास्त वेळ राहिलेल्या पितळी भांड्यावर येतो, तोच हा रंग.

पण काही पुंगळ्या बार न होताच फुटतात, आणि ती गोष्ट खास आपल्या पावसाळ्याची आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजा पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवत. उघडीप झाल्यावर पेट्या उघडाव्यात, तर न झाडलेल्या काडतुसांना चिरा. कुणी हात लावलेला नाही, कुठं आपटलेली नाहीत. हंगामाबरोबर येणारा रोग म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. नीट उलगडा झाला तो 1921 मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या निबंधातून. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्ताचं हे पितळ थंडच ओढून पुंगळी घडवतात, वर तिचा गळा गोळीभोवती आवळतात. ताण आत कोंडून राहतो. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि हवेतली ओल मिळून ताणलेल्या कणांच्या सांध्यांतून शिरतात आणि भेग चालू लागते. नुसता ताण असता तर पुंगळी टिकली असती, नुसता अमोनिया असता तर फार तर डागाळली असती.

उपाय सोपा निघाला: साधारण 250 ते 300 अंशांवर तापवून ताण उतरवायचा. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकून कडक झालं की पुन्हा आगीत घालतात, तीच वाट. गंमत आपल्या कल्हईवाल्याची. तो तापल्या पितळेवर चोळतो तो नवसागर, म्हणजे अमोनियाचंच मीठ. नाकात चढणारा तो वास अमोनियाचाच. पण कथील वितळतं 232 अंशांना, आणि भांडं त्याहून तापवावं लागतं. विष पाजतानाच तो थोडाफार ताणही उतरवत असावा, असा माझा आपला तर्क.

घोड्यांचे तबेले गेले, अमोनिया काही गेला नाही. 1885 च्या नीरा डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ऊस आणला, उसाबरोबर पुढं युरिया आला, आणि ओल्या मातीत युरियाचा अमोनिया होतोच. गोठ्याचा वास तर घरचाच. फवारणी पंपाची पितळी तोटी, पितळी कॉक, बैलांच्या गळ्यातल्या पितळी घंटा आपण ज्या खोलीत ठेवतो, तिथंच बहुतेकदा युरियाची पोतीही रचलेली असतात. दूध थंड करणाऱ्या ज्या मोठ्या यंत्रांत अमोनिया खेळतो, तिथं पाइप पोलादाचे असतात. तांबं-पितळ कुणी लावत नाही. शेतघरात मात्र तोटी फुटली की दोष दुकानदाराला. नवी आणाल तेव्हा ती पोत्यांपासून लांब ठेवा, आणि जुनी टाकण्याआधी भिंगाखाली धरून भेग कुठून सुरू झाली ते एकदा बघा.