बुजलेली नळी

अब्बांनी जुनी मोटार घेतली. आम्ही मालेगावच्या एका पेट्रोल पंपावर गेलो. थोडे पेट्रोल टाकीत जाई आणि पंप खटकन बंद होई. असे पुन्हा पुन्हा झाले. मागे रांग लागली. अब्बा पंपावरच्या मुलावर रागावले, "तुला कामच येत नाही!" तो बिचारा मान खाली घालून हळूहळू पेट्रोल भरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "पेट्रोल आत जाताना टाकीतली हवा बाहेर यावी लागते. हवेची नळी मातीने बुजली आहे. म्हणून पेट्रोल तोंडाशी येते आणि पंप आपोआप बंद होतो."

अब्बा गप्प झाले. मग मला घेऊन ते पुन्हा पंपावर गेले. त्या मुलाला म्हणाले, "बेटा, चूक तुझी नव्हती. मला माफ कर."

आजही कोणावर रागावण्यापूर्वी मला ती नळी आठवते.